साठीनंतरचा कावेरीकाठ

तिरुक्कडैयूरच्या अमृतघटेश्वर मंदिरात वर्षभर लग्ने लागत असतात. नवरदेव साठीचा, सत्तरीचा किंवा ऐंशीचा असतो आणि नवरी त्याचीच बायको असते. मुले, सुना, जावई आणि नातवंडे मंडपात बसलेली असतात. मंत्र म्हटले जातात, कलशांतल्या पाण्याने दोघांना स्नान घातले जाते आणि म्हातारा आपल्या पत्नीच्या गळ्यात पुन्हा ताळी, म्हणजे मंगळसूत्र, बांधतो. हे गाव आज मयिलाडुतुरै जिल्ह्यात मोडते, पण कित्येक पिढ्या ते तंजावर जिल्ह्याचाच भाग होते. मार्कंडेयासाठी शंकराने यमाला लाथाडले ते इथेच, अशी श्रद्धा आहे. म्हणून साठाव्या वर्षीची षष्ट्यब्दपूर्ती, सत्तराव्या वर्षीची भीमरथशांती आणि ऐंशीनंतरचा शताभिषेक करायला तमिळनाडूच्या कानाकोपऱ्यातून जोडपी येतात. मराठी घरांत साठीशांत आणि सहस्रचंद्रदर्शन असते, तसाच हा सोहळा. फरक इतकाच की इथे त्यासाठी एक अख्खे गाव राबते.

मार्कंडेयाची कथा सोळा वर्षांच्या मुलाची आहे आणि विधी मात्र साठी ओलांडलेल्यांचा. मुलाला आयुष्य हवे होते. साठीच्या माणसापुढचा प्रश्न वेगळा आहे: वाट्याला आलेली आणखी वीस-पंचवीस वर्षे कशासाठी जगायची? स्वातंत्र्याच्या वेळी भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान बत्तिशीच्या आसपास होते, आज ते सत्तरीला टेकले आहे. म्हातारपण पूर्वीही होतेच, पण इतक्या जणांच्या वाट्याला इतके लांब म्हातारपण कधी आले नव्हते.

तमिळनाडूत हा बदल इतरांच्या आधी दिसू लागला. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढच्यांचे प्रमाण ८.६ टक्के होते, तमिळनाडूत १०.४ आणि महाराष्ट्रात ९.९ टक्के. केंद्र सरकारच्या लोकसंख्या अंदाजांनुसार २०२१ मध्ये तमिळनाडू १३.६ टक्क्यांवर, म्हणजे केरळखालोखाल दुसऱ्या क्रमांकावर होता आणि २०३१ मध्ये तिथे दर शंभरांत अठरा माणसे साठीपुढची असतील. मुले कमी होणे, मुले शहरांत किंवा परदेशी जाणे आणि आईवडिलांनी लांब आयुष्य जगणे या तिन्ही गोष्टी तिथे एकाच पिढीत घडल्या. चांगले म्हातारपण कशाला म्हणायचे या जुन्या वादाचा आढावा घ्यायला कावेरीचा हा त्रिभुज प्रदेश म्हणूनच सोयीचा आहे. वादातल्या बहुतेक भूमिका इथे पुस्तकांत आहेत, तशा जगलेल्याही आहेत. त्यांतल्या कितीतरी मराठी माणसांनी जगलेल्या आहेत.

वानप्रस्थ: क्रम की निवड?

भारतात या विषयावर बोलणे निघाले की चार आश्रम येतातच. ब्रह्मचर्य, गृहस्थ, वानप्रस्थ, संन्यास असा एकापुढे एक क्रम सगळ्यांना पाठ आहे. मनुस्मृती सांगते की अंगावर सुरकुत्या आल्या, केस पिकले आणि नातवाचे तोंड पाहिले की गृहस्थाने वनाची वाट धरावी. या मांडणीत म्हातारपणाचा अर्थ सुटण्यात आहे. सत्ता, संपत्ती आणि निर्णय पुढच्या पिढीच्या हाती द्यायचे आणि आपण बाजूला व्हायचे.

पण हा क्रम मुळापासूनचा नाही. पॅट्रिक ऑलिव्हेल या संस्कृत अभ्यासकाने १९९३ च्या आपल्या ग्रंथात आश्रमव्यवस्थेचा इतिहास उलगडून दाखवला. जुन्या धर्मसूत्रांत आश्रम हे आयुष्याचे टप्पे नव्हते, ते पर्याय होते. विद्याभ्यास संपलेल्या तरुणाने चारांपैकी एक जीवनमार्ग निवडायचा आणि जन्मभर त्यावर चालायचे. पुढे काही शतकांनी या पर्यायांची एकाखाली एक मांडणी झाली आणि वनवास म्हातारपणाच्या वाट्याला आला. ही बाब फक्त पंडितांच्या कामाची नाही. ‘आपल्या परंपरेत म्हाताऱ्यांनी निवृत्तच व्हायचे असते’ असे जेव्हा घराघरांत सांगितले जाते, तेव्हा त्याच परंपरेच्या पहिल्या रूपात निवडीला जागा होती, हे विसरले जाते.

त्यागराजांचे उदाहरण इथे बोलके आहे. तिरुवैयारूत राहणाऱ्या या संगीतकाराने (१७६७–१८४७) तंजावरच्या सरफोजी राजांच्या दरबाराचे बोलावणे नाकारले, अशी आख्यायिका आहे. जवळपास ऐंशी वर्षे ते घरात राहिले, शिष्यांना शिकवत आणि रचना करत राहिले. संन्यास घेतला तो अगदी शेवटी, मृत्यूच्या तोंडावर. क्रम त्यांनी पाळला खरा, पण वानप्रस्थाची वर्षे तिरुवैयारूच्या घरातच गाण्यात गेली.

विसाव्या शतकात मराठी माणसाने सोडून देण्याचे सर्वांत ठळक उदाहरण घालून दिले ते विनोबांनी. भूदानासाठी वर्षानुवर्षे देश पायी तुडवल्यावर १९७० मध्ये त्यांनी पवनारला क्षेत्रसंन्यास, म्हणजे एकाच जागी राहण्याचे व्रत, घेतला. नोव्हेंबर १९८२ मध्ये आजारपणात अन्न, पाणी आणि औषध नाकारून त्यांनी देह ठेवला. तेव्हा ते ८७ वर्षांचे होते. त्याच भूदानाच्या कामातून घडलेल्या तंजावरकडच्या एका बाईने अगदी उलट म्हातारपण निवडले. तिच्याकडे पुढे यायचे आहे.

छत्रे आणि विधवा राण्या

तंजावरला मराठ्यांची गादी १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी उभी केली आणि १८५५ मध्ये ती संपली. या पावणेदोनशे वर्षांत थकल्या-भागल्यांची सोय हा राज्यकारभाराचा भाग होता आणि तिचे नाव होते छत्र. रामेश्वरच्या वाटेवर राजांनी आणि राजस्त्रियांनी ही छत्रे बांधली. मुक्तांबेच्या नावाचे ओरत्तनाडूचे छत्र सरफोजींनी १८०२ मध्ये उभारले. यमुनांबेच्या नावाचे छत्र नीडामंगलम्‌ला आहे. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीच्या हाती गेला, तरी छत्रे आपल्याकडेच राहावीत यासाठी सरफोजींनी आग्रह धरला. १८०१ मध्ये त्यांनी रेसिडेंटला छत्रांविषयी सविस्तर पत्र लिहिले. वाटसरूंना अन्न, आजाऱ्यांना औषधपाणी, बाळंतिणींची काळजी, पोरक्या मुलांचे शिक्षण आणि इथेच मरण आलेल्याचे त्याच्या रीतीप्रमाणे अंत्यसंस्कार, अशी कामे त्यात दिसतात. राजवाड्यातल्या धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक शेजारी शेजारी चाले. डोळ्यांच्या रुग्णांच्या सचित्र नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. मोतीबिंदू काढून म्हाताऱ्याला पुन्हा दिसू लागणे, यापेक्षा म्हातारपण सुधारण्याचा नेमका उपाय त्या काळात दुसरा नसावा.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही तंजावरच्याच कागदांत आहे. अठराव्या शतकात इथल्या मराठा दरबारात त्र्यंबक पंडिताने ‘स्त्रीधर्मपद्धति’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. विधवेपुढे त्याने दोन मार्ग ठेवले, सहगमन किंवा जन्मभर कठोर व्रतस्थ जीवन. १८५५ मध्ये शेवटचे राजे शिवाजी पुत्राविना वारले तेव्हा वाड्यात डझनाहून अधिक राण्या होत्या. कंपनीने राज्याबरोबर खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. ज्येष्ठ राणी कामाक्षीबाईंनी कोर्टात दाद मागितली. १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने सांगितले की हे राजसत्तेचे कृत्य आहे, त्यात न्यायालयाला हात घालता येत नाही. पुढे १८६२ मध्ये सरकारने मालमत्ता राण्यांना परत केली, त्यानंतर राण्यांचे आपसांतले खटले चालू झाले आणि हिंदू विधवांच्या संयुक्त हक्कांवरचा १८६८ चा एक निवाडा त्यातूनच आला. तरुण वयात विधवा झालेल्या या बायकांचे उरलेले सगळे आयुष्य वाड्याच्या भिंतींआड आणि वकिलांच्या कागदांत गेले. वानप्रस्थ, संन्यास, निवृत्ती ही भाषा त्यांच्यासाठी नव्हती, कारण त्यांना सोडायला काही उरलेच नव्हते.

हा मुद्दा आजही ताजा आहे. भारतातल्या साठीपुढच्या स्त्रियांपैकी जवळपास निम्म्या विधवा आहेत, पुरुषांत विधुरांचे प्रमाण त्याच्या कितीतरी खाली आहे. जोडप्याने दुसऱ्यांदा लग्न लावण्याचा तिरुक्कडैयूरचा सोहळा त्यांच्या वाट्याला येत नाही.

सिद्धांतांची साठ वर्षे

पाश्चात्त्य विद्यापीठांत वार्धक्यशास्त्र उभे राहिले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. १९६१ मध्ये एलेन कमिंग आणि विल्यम हेन्री यांनी मांडले की वय वाढते तसा माणूस समाजापासून आणि समाज माणसापासून हळूहळू दूर होतो आणि हे दोघांच्याही हिताचे असते. भारतीय वाचकाला यात वानप्रस्थाचा सूर ऐकू येतो. रॉबर्ट हॅव्हिगहर्स्ट यांचे म्हणणे उलट होते. जो गुंतून राहतो, काम आणि नाती सोडत नाही, तोच समाधानी असतो. पुढची वीसेक वर्षे या दोन टोकांमध्येच वाद हेलकावत राहिला.

१९८७ मध्ये जॉन रो आणि रॉबर्ट कान यांनी ‘यशस्वी वार्धक्य’ ही कल्पना पुढे आणली. आजार आणि अपंगत्व टाळणे, शरीर व बुद्धी तल्लख ठेवणे आणि जीवनात सक्रिय सहभाग या तीन कसोट्या त्यांनी लावल्या. तिचा प्रभाव प्रचंड पडला. आज ज्येष्ठांसाठीच्या योगवर्गांपासून विमा कंपन्यांच्या जाहिरातींपर्यंत सगळीकडे ती झिरपली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये ‘सक्रिय वार्धक्या’चा आराखडा दिला आणि २०२१ ते २०३० हे निरोगी वार्धक्याचे दशक म्हणून जाहीर झाले आहे.

हा आदर्श सर्वांनाच पटला असे नाही. पॉल आणि मार्ग्रेट बाल्टिस या जर्मन दांपत्याने १९९० मध्ये दाखवले की जे म्हातारपण पेलतात ते सगळेच सांभाळत बसत नाहीत. थोडेच निवडतात, त्यावर जास्त मेहनत घेतात आणि कमी पडेल तिथे भरपाईचा मार्ग शोधतात. स्वीडनच्या लार्स टॉर्नस्टॅम यांना आपल्या वृद्धांत एकटे राहण्याची आवड, काळाविषयीची बदललेली जाणीव आणि मृत्यूची कमी झालेली भीती आढळली. या माघारीला त्यांनी घसरण मानले नाही, वाढ मानले. मानववंशशास्त्रज्ञ सारा लॅम्ब बंगालमध्ये राहून अभ्यास करत होत्या. त्यांचा आक्षेप आणखी मुळाशी जातो. अमेरिकन आदर्शात म्हातारा होणे हेच अपयश ठरते आणि दुसऱ्यावर अवलंबून असणे लाजिरवाणे. बंगाली घरांत मात्र सेवा करणे आणि सेवा घेणे हे दोन्ही आयुष्याचे साधे भाग मानले जातात.

मोजता येणारे पुरावेही आले. कनेक्टिकटमधल्या एका वृद्धाश्रमात एलेन लँगर आणि जुडिथ रोडिन यांनी रहिवाशांच्या एका गटाला स्वतःचे निर्णय घ्यायला आणि एक रोप सांभाळायला सांगितले. तो गट अधिक उत्साही आढळला. १९७६ चा हा प्रयोग सगळ्या पाठ्यपुस्तकांत आहे, पण तो लहान होता आणि त्यातून फार मोठे निष्कर्ष काढले गेले, अशी टीकाही आहे. बेका लेव्ही यांच्या २००२ च्या अभ्यासात स्वतःच्या वाढत्या वयाकडे चांगल्या नजरेने पाहणारे लोक इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षे जास्त जगले. शिकागोच्या रश केंद्रातील संशोधनात जीवनाला हेतू आहे असे मानणाऱ्यांत अल्झायमरचा धोका कमी दिसला. इथे एक अडचण मात्र कायम आहे. हेतू असल्यामुळे माणूस धडधाकट राहतो, की धडधाकट असल्यामुळे त्याला हेतू सापडतो? माणसांचे निरीक्षण करून झालेले अभ्यास या प्रश्नाचे पूर्ण उत्तर देऊ शकत नाहीत.

अतुल गावंडे यांनी २०१४ च्या ‘बीइंग मॉर्टल’ मध्ये आपल्या आजोबांची गोष्ट सांगितली आहे. विदर्भातल्या उटी गावचे हे शेतकरी एकशे दहाच्या उंबरठ्यापर्यंत जगले. चालताना आधार लागत होता, पण घरातल्या निर्णयांत त्यांचा शब्द होता. अमेरिकेत असते तर त्यांना नर्सिंग होममध्ये ठेवले असते, असे नातू लिहितो. तरी एकत्र कुटुंब हेच उत्तर, असा सूर तो लावत नाही. त्या व्यवस्थेत तरुणांनी, विशेषतः घरातल्या बायकांनी मोजलेली किंमत त्याला दिसते. या साऱ्या वादात इतका समतोल क्वचितच आढळतो.

तंजावरकडची चार म्हातारपणे

सिद्धांतांच्या शेजारी प्रत्यक्ष आयुष्ये ठेवली की काही गोष्टी वेगळ्या दिसतात.

कुंभकोणमला १८२८ मध्ये जन्मलेले टी. माधवराव हे तंजावरी देशस्थ. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाणपद त्यांनी सांभाळले, सयाजीरावांना राज्यकारभाराचे धडे दिले आणि १८८२ मध्ये ते निवृत्त झाले. मग मद्रासला मैलापुरात राहून त्यांनी टोपणनावाने वर्तमानपत्रांत लिहायला सुरुवात केली. आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतींपासून मुलांच्या संगोपनापर्यंत सगळे विषय त्यांच्या लेखणीखाली आले. १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष झाले. पक्षाघाताने अंथरुणाला खिळल्यावर काही महिन्यांत, १८९१ मध्ये ते गेले. त्यांचेच आप्त, इंदूरचे दिवाण राहिलेले आर. रघुनाथराव यांनी उतारवयात विधवाविवाहाच्या चळवळीला वाहून घेतले. राजवाड्यातल्या राण्या अजून हयात होत्या तेव्हाची ही गोष्ट. तंजावरी मराठ्यांचा एक वाडा विधवेला कोंडत होता आणि त्याच समाजातला एक म्हातारा तिच्यासाठी शास्त्रार्थ करत होता.

त्याच परिसरात, कुंभकोणमच्या कॉलेजात तमिळ शिकवणाऱ्या उ. वे. स्वामिनाथ अय्यरांनी विस्मृतीत गेलेले संगम साहित्य ताडपत्रांतून शोधून छापले. वयाच्या पंचाऐंशीव्या वर्षी, १९४० मध्ये त्यांनी ‘आनंद विकटन’ साप्ताहिकात आत्मचरित्र लिहायला घेतले. १९४२ मध्ये ते वारले तेव्हा ते अपुरेच होते. बाल्टिसांच्या सिद्धांताला याहून चांगला दाखला मिळणे कठीण. एक काम निवडले आणि शेवटपर्यंत धरून ठेवले.

बंगळूर नागरत्नम्मांची गोष्ट थोडी अधिक विस्ताराने सांगण्याजोगी आहे. १८७८ मध्ये देवदासी घराण्यात जन्मलेल्या या गायिकेने प्रतापसिंह राजांच्या दरबारातल्या मुद्दुपळनीचे ‘राधिकासांत्वनम्’ हे तेलुगू काव्य १९१० मध्ये छापून काढले आणि सरकारने त्यावर बंदी घातली. चाळिशी ओलांडल्यावर त्यांना कळले की तिरुवैयारूत त्यागराजांची समाधी पडीक झाली आहे. दागिने विकून त्यांनी जागा मिळवली आणि १९२५ मध्ये समाधिमंदिर उभे केले. त्याच समाधीवरच्या आराधनेत गाण्याची मुभा बायकांना नव्हती. नागरत्नम्मांनी बायकांचा वेगळा गट उभा केला, पुरुषांच्या गटांशी वर्षानुवर्षे झगडा दिला आणि १९४० च्या सुमारास सगळे गट एकत्र आले. उतारवयात त्या तिरुवैयारूलाच येऊन राहिल्या, आपली संपत्ती समाधीच्या कामासाठी न्यासाला दिली आणि १९५२ मध्ये तिथेच देह ठेवला. आज आराधनेत पंचरत्न कृती शेकडो गायिका-गायक एकत्र म्हणतात. नागरत्नम्मांनी घर, दागिने, मैफली सोडल्या, म्हणजे माघार घेतली. त्याच वेळी आयुष्यातले सर्वांत मोठे भांडणही केले. माघार आणि सहभाग यांची दोन खाती पाडणाऱ्या सिद्धांतांत त्या कुठेच बसत नाहीत.

आणि कृष्णम्माळ जगन्नाथन. १९२६ मध्ये दलित कुटुंबात जन्मलेल्या कृष्णम्माळ पतीसोबत विनोबांच्या भूदानात उतरल्या. १९६८ मध्ये तंजावर जिल्ह्यातल्या कीळवेण्मणी गावात मजुरी वाढवून मागणाऱ्या दलित शेतमजुरांच्या कुटुंबांतली ४४ माणसे, बहुतेक बायका आणि मुले, जाळून मारली गेली. जगन्नाथन दांपत्याने त्यानंतर याच भागात मुक्काम ठोकला. पंचावन्नाव्या वर्षी, १९८१ मध्ये कृष्णम्माळ यांनी भूमिहीनांसाठी ‘लाफ्टी’ संस्था काढली. सुमारे तेरा हजार कुटुंबांना एकेक एकर जमीन मिळाली, तीही बाईच्या नावावर. सत्तरीकडे झुकताना त्या किनाऱ्यावरच्या कोळंबी शेतीविरुद्ध लढत होत्या. २००८ मध्ये, ८२ व्या वर्षी त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला आणि नंतरही त्या मजुरांच्या मातीच्या झोपड्यांच्या जागी पक्की घरे बांधण्याच्या मागे होत्या. गुरूने पवनारला क्षेत्रसंन्यास घेतला आणि शिष्या खाचरांतून फिरत राहिली. कोणाचे म्हातारपण अधिक अर्थपूर्ण, असा प्रश्नच चुकीचा वाटावा इतकी ही दोन्ही उदाहरणे खरी आहेत. दोघांनीही आपापला मार्ग स्वतः निवडला होता.

ज्यांना निवृत्तीच नाही

कृष्णम्माळ ज्यांच्यासाठी लढल्या त्या बायकांकडे वळले की वादाची सगळी भाषा तोकडी पडते. भाताच्या लावणीला चिखलात वाकलेल्या बाईला साठ वर्षे झाली म्हणून कोणी निवृत्त करत नाही. कंबर साथ देत नाही तेव्हा काम सुटते आणि मजुरीही सुटते. तमिळनाडूतल्या गरीब वस्त्यांत दीर्घकाळ काम केलेल्या संशोधक पेनी व्हेरा-सांसो यांनी दाखवले आहे की गरिबांचे म्हातारपण हा कुटुंबावरचा भार नसतो, उलट म्हाताऱ्यांच्या श्रमावर कुटुंब उभे असते. आजी नातवंडे सांभाळते, फुले-भाजी विकते, म्हणून सून मजुरीला जाऊ शकते.

राज्याने यात जे केले ते लहान नाही. तमिळनाडूने वृद्ध निवृत्तिवेतन १९६२ मध्येच सुरू केले. केंद्राने राष्ट्रीय योजना आणली ती १९९५ मध्ये. साठ ते एकोणऐंशी वयोगटासाठी केंद्राचा वाटा अजून महिना २०० रुपये आहे. तमिळनाडू स्वतःची भर घालून २०२३ पासून १,२०० रुपये देतो, महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेत १,५०० रुपये मिळतात. ऑगस्ट २०२१ पासून ‘मक्कळैत् तेडि मरुत्तुवम्’ योजनेत रक्तदाब आणि मधुमेहाची औषधे घरपोच येतात. त्याच वर्षी साध्या शहरी बसगाड्यांत बायकांना मोफत प्रवास मिळाला. देवळात, लेकीकडे किंवा दवाखान्यात कोणाकडे पैसे न मागता जाता येणे हा स्वातंत्र्याचा फार मोठा तुकडा आहे आणि अर्थपूर्ण वार्धक्याच्या ग्रंथांत त्याला ओळभरही जागा नसावी, हे खटकते.

इथे दोन भूमिका समोरासमोर आहेत. एक म्हणते, आधी पोट, औषध आणि छप्पर, अर्थाचा विचार मग. दुसरी म्हणते, गरिबालाही मान, भक्ती, सोबत आणि उपयोगी पडण्याची भूक असते, ती नंतरसाठी राखून ठेवता येत नाही. दोन्ही बाजूंकडे आपापले वजन आहे. आपल्याकडच्या संशोधनाने मात्र पहिल्या बाजूचेच मोजमाप अधिक केले आहे.

घर, कायदा, आश्रम

२०१७-१८ मध्ये झालेल्या ‘लासी’ या राष्ट्रीय सर्वेक्षणात पंचेचाळिशीपुढच्या बहात्तर हजारांहून अधिक लोकांची माहिती गोळा झाली. साठीपुढच्यांपैकी एकटे राहणारे सहा टक्क्यांच्या आत निघाले, फक्त जोडीदारासोबत राहणारे सुमारे वीस टक्के. म्हणजे बहुसंख्य अजून कोणा ना कोणाबरोबर राहतात. ‘कुटुंब मोडले’ ही हाकाटी आकड्यांना धरून नाही. पण एका छताखाली असणे आणि विचारले जाणे यांत अंतर आहे. दक्षिण तमिळनाडूतून ‘तलैक्कूत्तल’, म्हणजे थकलेल्या म्हाताऱ्याला तेलस्नान घालून मरणाकडे ढकलण्याच्या प्रथेच्या बातम्या आल्या आहेत. त्या घटना घरातच घडल्या.

२००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याने सांभाळाचा हक्क दिला, न्यायाधिकरणे उभी केली आणि देखभालीच्या अटीवर दिलेली मालमत्ता परत मिळवण्याची तरतूद केली. समर्थक म्हणतात, याने म्हाताऱ्याच्या हातात काहीतरी आले. टीकाकारांचे म्हणणे असे की सरकारने आपली जबाबदारी मुलांवर ढकलली आणि खटल्याने प्रेम परत येत नाही.

वृद्धाश्रमांबाबतही मते फुटलेली आहेत. पुण्यातली ‘अथश्री’सारखी संकुले आणि कोइंबतूरच्या परिसरातल्या ज्येष्ठांच्या वसाहती सुखवस्तू जोडप्यांनी आपखुशीने निवडल्या आहेत. कडलूर जिल्ह्यातले तामरैकुळम् हे त्सुनामीत सर्वस्व गमावलेल्या म्हाताऱ्यांसाठी हेल्पएज या संस्थेने वसवलेले गाव. एका ठिकाणी सोय पैशाने विकत मिळते, दुसरीकडे आपत्तीनंतर मदत म्हणून. मधल्या लाखो लोकांसाठी जुन्या छत्रासारखे, गावातलेच, येता-जाता टेकता येईल असे काय असावे, यावर गंभीर चर्चा फारशी दिसत नाही. ती व्हायला हवी.

अजून न सुटलेले

तंजावर, कुंभकोणम आणि चेन्नईतल्या तंजावरी मराठी घरांत एक वेगळाच प्रश्न उभा आहे. तीनशे वर्षांत तमिळने रंगलेली त्यांची मराठी आता मुख्यतः आजी-आजोबांच्या तोंडी आहे. नातवंडे तमिळ आणि इंग्रजीत बोलतात. सरस्वती महालातले मोडी दस्तऐवज अजून पुष्कळसे अभ्यासकांची वाट पाहतात. या घरांतल्या म्हाताऱ्यांकडे समाजाला हवे असे काहीतरी आहे, आणि ‘आपला कोणाला उपयोग आहे का’ या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यासाठी तयार आहे. ते त्यांच्यापर्यंत पोहोचवणारी संस्था मात्र हवी.

वैद्यकाकडेही काही प्रश्न उरलेच आहेत. ‘लासी’शी जोडलेल्या अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना स्मृतिभ्रंश आहे. हेतू, आठवणींची जुळणी, आयुष्याचा हिशेब या सगळ्या कल्पना शाबूत स्मृती गृहीत धरतात. स्मृती गेली की अर्थ कोण सांभाळतो, तो माणूस की त्याच्या भोवतालचे लोक? सेवेला मोल देणाऱ्या परंपरेकडे इथे सांगण्यासारखे काही असू शकते, पण ती सेवा बहुतेक वेळा पगाराविना, थकलेल्या सुनेच्या किंवा लेकीच्या हातून होते आणि तिच्या म्हातारपणाची तरतूद कुठेच नसते. मरणाची निवडही अर्धवटच खुली झाली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उपचार नाकारण्याच्या पूर्वइच्छापत्राला मान्यता दिली, २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली, तरी विनोबांनी श्रद्धेने केले ते सामान्य रुग्णाने करायचे ठरवल्यास घर आणि दवाखाना दोघेही गोंधळतात.

सर्वेक्षणांत साखर, रक्तदाब, हातापायातली ताकद, उत्पन्न, सोबत हे सारे विचारले जाते. समाधानाची पट्टीही असते. पण ओरत्तनाडूच्या शिवारात भात लावून कंबर मोडलेल्या सत्तरीच्या विधवेला, ‘उरलेल्या वर्षांत तुला काय करायचे आहे?’ असा साधा प्रश्न कोणी तिच्या भाषेत, तिला पुरेसा वेळ देऊन विचारलेला क्वचितच सापडतो. माधवरावांची उत्तरे वर्तमानपत्रांत आहेत, नागरत्नम्मांची दगडात आहेत. तिची मिळवण्याचे काम इथल्या विद्यापीठांनी आणि ज्येष्ठांच्या संघटनांनी अजून हाती घ्यायचे आहे.